इसोबेंची जागा

"तात्सुमी! तात्सुमी योइचि!"

टेबलामागच्या बाईंनी दोनदा हाक मारली. मी आपला सायकलचं चाक धरून भिंतीवरची सूचना वाचत उभा. तिसऱ्या हाकेला रांगेत मागे उभ्या ओकुमुरा-सानांनी, आमच्यातल्या जुन्या सायकलपटूंनी, बरगडीत कोपर खुपसलं.

"अहो घरजावई, तुम्हालाच बोलावतायत!"

रांगेतले सगळे खो खो हसले. मीही हसलो. न हसून सांगतो कुणाला! फोन पिशवीत घातला, पिशवीला सील लागलं, पावतीवर नवं आडनाव लिहून मी आत गेलो. आमच्या सायकल शर्यतींवर लोक पैसे लावतात, म्हणून तपासणीचा एक आणि शर्यतींचे तीन असे चार दिवस आम्ही कोंडलेले असतो. फोन नाही, पत्र नाही, खिडकीतून कुणाला हातसुद्धा करायचा नाही.

अकरा वर्षं मी इसोबे म्हणून सायकल मारली. आता हा तात्सुमी कोण उपटला, ते माझं मलाच कळत नव्हतं.

तात्सुमी म्हणजे माझ्या बायकोचं, चिनात्सुचं घर, माझं सासर. सोया सॉसचा धंदा, सहा पिढ्यांचा, आणि सहाव्या पिढीला दोन मुलीच. थोरली लग्न होऊन ओसाकाला गेलेली. लग्नाची बोलणी चालू असताना सासऱ्यांनी कपाळ चटईला टेकवलं आणि म्हणाले, "आमचं नाव घ्या." एवढा मोठा माणूस, आणि माझ्यापुढे त्याचं टक्कल! बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "देऊन टाक. आपलं घर बघायला सेइजि आहे की!" सेइजि माझा थोरला भाऊ.

नंतर मी कुरकुरायला लागलो तेव्हा चिनात्सुने चांगलंच झापलं. "ताईने बदललं, तुझ्या आईने बदललं, गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांनी बदललं. तेव्हा कुणाचा घास अडला होता का? तुझ्या एकट्याचंच काय एवढं कौतुक!" यात खोटं काही नव्हतं. ऑक्टोबरात कागद झाले आणि एकोणतिसाव्या वर्षी मी सासऱ्यांचा दत्तक मुलगा झालो.

फेब्रुवारीत सेइजि गेला. बोटीवर जाळं ओढताना छातीत कळ आली, किनाऱ्याला आणेपर्यंत संपलं होतं. अडतीस वर्षांचा होता. लग्न केलं नव्हतं.

आमच्या रीतीप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवशी त्याच्या अस्थींची बरणी घराण्याच्या थडग्याच्या दगडाखाली ठेवली, आईच्या शेजारी. घरी येऊन बाबांनी चहा केला. पेला हातात फिरवत म्हणाले, "योइचि, तुला परत येता येईल का रे? मी गेल्यावर त्या दगडाकडे बघायला इसोबे नावाचं कुणीच नाही."

मी गप्प बसलो. आमच्याकडे तोंडावर नाही असं कुणी म्हणत नाही. माणूस गप्प बसतो आणि समोरचा काय ते समजून घेतो. पण मी नाही म्हणत नव्हतो हो! मला खरंच काही सुचत नव्हतं. चिनात्सुला तिसरा महिना लागला होता आणि सासऱ्यांनी नातवासाठी नावांची यादीसुद्धा करून ठेवली होती. इकडे आड, तिकडे विहीर. बाबा म्हणाले, "चहा गार झाला, दुसरा करतो," आणि उठले.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या शर्यतींना आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी शेवटचा आलो. शेवटच्या वळणावर मला चिंचोळ्या फटीत दाबलं, ना पुढे जाता येईना ना बाजूला. कुंपणाला चिकटलेला एक म्हातारा तिकिटं फाडत ओरडला, "तात्सुमी, गधड्या! जा, सोया सॉसची पिंपं ढवळ जा!" शर्यतीच्या छापील पत्रकात माझं लग्न, सासर, सगळंच आलं होतं. लोक काय, तेवढंच धरून बसतात.

शिव्या मला नव्या नाहीत. इसोबे मर, इसोबे घरी बस, सगळं ऐकलंय. पण त्या माझ्या होत्या. आता शिवीसुद्धा सासऱ्यांच्या मालकीची! मला इतका संताप आला की हेल्मेट काढून मी बाकावर आपटलं.

संध्याकाळी आंघोळीच्या हौदात ओकुमुरा-सान गळ्यापर्यंत बुडून बसले होते. वय एकोणपन्नास, अजून तरण्या पोरांच्या चाकाला चाक लावतात.

"तोंड का पाडलंयस? हरलास म्हणून?"

मी सगळं सांगून टाकलं. ते डोक्यावरचा टॉवेल सारखा करत ऐकत राहिले.

"मग बापाला जाऊन सांग ना! मला काय सांगतोस, पाण्यात बसून?"

"फोन कुठाय?"

"परवा मिळेल. दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

त्या हौदातच माझं ठरलं. दत्तक मोडायचं. सासरे घराबाहेर काढतील, काढोत. चिनात्सु रडेल, नाहीतर एक शब्द बोलणार नाही, आणि तेच जास्त वाईट. पण मी इसोबे होणार, बाबांना तसं सांगणार. शेवटच्या दिवशी दुसरा आलो. कितीतरी महिन्यांनी पाय हलके वाटत होते.

फोन हातात आला तेव्हा त्यात चिनात्सुचे तेरा निरोप होते. बाबांचा एकही नाही. तिला मी 'गावी जाऊन येतो' एवढंच कळवलं, सायकल घरी पाठवून दिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरली. पुढे बस. वाटेत चार तास एकच वाक्य तोंडात घोळवत होतो.

घराला कुलूप होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मठात गेलेत. जा की लवकर." माझ्याकडे त्या बघत नव्हत्या.

मठामागच्या उतारावरच्या दफनभूमीत बाबा हातात झाडू घेऊन उभे होते. त्यांच्यापुढे आमचा दगड नव्हता. चौथरा नव्हता, फुलदाण्या नव्हत्या. दोन्हीकडे शेजाऱ्यांची थडगी, आणि मध्ये नवी खडी टाकून सपाट केलेली जागा.

"बाबा, हे काय केलंत?"

"काढून टाकलं." झाडू थांबला नाही. "परवा दगडवाले आले होते. छोटी क्रेन आणली होती. अर्ध्या दिवसात झालं."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं की."

रागाने नाही म्हणाले. हिशेब नाही, टोमणा नाही. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"तू शर्यतीत असतानाच उरकून घेतलं," ते म्हणाले. "बाहेर असतास तर तुला यावं लागलं असतं. मग सासरच्यांना काय सांगणार होतास?"

"आणि आई? सेइजि?"

"मठाच्या सामाईक स्मारकात. सगळ्यांच्या अस्थी एकत्र असतात तिथे. मीही तिथेच जाईन. कुणाला गवत उपटायला यायला नको."

एकदा एकत्र केलेल्या अस्थी परत वेगळ्या काढता येत नाहीत. चार तास घोळवलेलं वाक्य माझ्या दातांशी आलं होतं. आता ते बोललो असतो तर बाबांनी जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं.

"तू अचानक कसा?" बाबांनी विचारलं. "काही सांगायचं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो."

तेवढ्यात मठाचे पुजारी वही घेऊन आले. स्मारकात ज्यांची माणसं आहेत त्यांचा एक तरी नातेवाईक वहीत लागतो, पुढेमागे निरोप द्यायला. बाबांच्या नावापुढची ओळ रिकामी होती.

"लिही," बाबा म्हणाले. "कागदोपत्री आहे तेच लिही."

मी गुडघ्यावर वही धरून तात्सुमी योइचि लिहिलं, खाली पत्ता लिहिला. पुढचा रकाना नात्याचा होता. तिथे माझा हात थांबला. कागदोपत्री मी त्या माणसाचा मुलगा, जो सोया सॉस करतो. इथे काय लिहायचं? पुजारी आभाळाकडे बघायला लागले.

बाबांनी झाडू काखेत धरला, खिशातून चष्मा काढून लावला आणि माझ्या हातातलं पेन घेतलं. जाळी दुरुस्त करून वाकडी झालेली बोटं त्यांची. त्या रकान्यात त्यांनी सावकाश लिहिलं, 'मुलगा', आणि वही मिटून पुजाऱ्यांना दिली.

"साडेतीनला बस आहे," ते म्हणाले. "चल, त्याआधी जेवून घे."