फळ्यावरची तीन अक्षरं

बसा पावणे, टेकून बसा. आमच्या बंदरावरच्या बाबलीच्या फळ्याची गोष्ट सांगतो. दहा वर्षं झाली असतील, जास्त नाही.

बाबली बंदरावरचा शिपाई. दोन हात रुंदीचा फळा त्याच्या ताब्यात. बोट कधी लागणार ते खडूने लिहायचं, एवढंच काम. पण त्याला कुणाला नाही म्हणता येईना. वालावलीत दशावतार आहे, लिही. अमक्याची छत्री हरवली, लिही. फळ्यावर माशी बसायला जागा नसे, नि त्याचाच गड्याला अभिमान.

मासे विकणारी मथुरा जाता-येता टोचायची, "जरा कमी लिव रे! वाचूक दुपार व्हतली."

"तुका वाचूक येता खंय?"

"माका नाय, माझ्या घोवाक येता. मोठी अक्षरां."

तिचा घोव, म्हणजे नवरा, लवू. दोन यत्ता शिकलेला, एकेक अक्षर जुळवणारा.

दिवाळी उलटली नि एका सकाळी तार आली, वादळ येतंय, होड्या सोडू नका. बाबलीने लिहिली, पण जागा कुठे? छत्रीच्या खाली, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत. लवू आला, वाचत वाचत दशावतारापर्यंत पोचला, कंटाळला नि गेला होडीकडे.

मागून मथुरा धावत आली. "बाबल्या, वारो बघ कसो फिरलो! तार-बीर इली काय?"

बाबलीने कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"माका काय दाखवतंस? तेका दाखव!"

लवूची होडी धक्का सोडून पुढे गेलेली. हाका मारल्या, वाऱ्याने त्या तोंडावरच परत आणल्या. तेव्हा बाबलीने धोतराच्या सोग्याने सगळा फळा पुसला. छत्री गेली, दशावतार गेला. वीत-वीतभर तीन अक्षरं काढली: परत. खिळ्यावरून फळा उतरवला, धक्क्याच्या टोकाला धावला नि डोक्यावर धरून उभा राहिला.

लवू बघत राहिला. प... र... त. होडी वळली.

दुपारी समुद्र असा काही उठला की धक्क्यावर उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी मथुरा टोपलीभर बांगडे घेऊन हजर. "तुझ्या फळ्यान माझो घोव परत हाडलान."

बाबलीचे डोळे भरले. "उपकार तुझे गो बाये. कधीपासून सांगतंस, कमी लिव."

तेव्हापासून फळ्यावर तीनच ओळी. बाकी सगळं खाली सुतळीने बांधलेल्या वहीत. ज्याला हवं त्याने उघडावं. नि तळाशी वीतभर जागा कोरी.

उद्या बंदरावर जाल तेव्हा ती कोरी जागा दिसेल. खडूही तिथेच असतो. तेवढं माझं ऐका पावणे, तिथे काही लिहू नका.