मोतीबाईची जागा

बैलांची छोटी रेंगी मागच्या मागे उलाळ झाली, जू वर उचललं गेलं, दोन्ही बैलांच्या गळ्यातल्या पट्ट्या आवळल्या आणि सगळा तांडा हसला. असल्या वेळी तांडा नेहमी हजर असतो. कुणाचं सरपण फोडायचं असेल तर माणूस सापडत नाही, पण देवसिंग नवी रेंगी जुंपतोय म्हटल्यावर म्हातारे, बाया, कडेवरची पोरं, सगळे लिंबाखाली गोळा झाले होते.

रेंगीच्या मागच्या कडेला, मागच्या रस्त्याकडे तोंड करून, पाय खाली सोडून मोतीबाई बसली होती. ती उतरली तशी रेंगी धपकन सरळ झाली.

"फुडे बस वं," देवसिंग म्हणाला. "माह्या पाठीशी बस. हे काही आपली बंडी नाई. हिले मांगं वजन चालत नाई."

"मी मांगंच बसते."

"थे मले मालूम आहे. पन बैलायच्या गळ्याले फास बसते ना."

"मंग तुमी एकले जा. बिजलीले सांगजा, तुही याडी आली नाई म्हनून."

मोतीबाईने गाठोडं उचललं आणि दुखरा गुडघा सांभाळत ती घरात निघून गेली. तांड्याचं हसणं थांबलं. होळी तोंडावर आली होती. धाकटी लेक बिजलीबाई फुलसावंगीजवळच्या तांड्यात दिलेली, तिला इतक्या वर्षांनी मुलगा झाला होता. वर्षभरात जन्मलेल्या मुलाची होळीला धुंड करतात, नाचतात, गातात, गूळ वाटतात. त्या धुंडीला मुलाची आजीच नाही, ही गोष्ट बंजाऱ्याच्या तांड्यात कुणाला पटली नसती. आणि मोतीबाई तर मूल पोटात होतं तेव्हापासून त्याच्यासाठी टोपडं शिवत बसली होती, त्याला आरसे लावून झाले होते, कवड्या लावून झाल्या होत्या.

रेंगी घेतली होती ती तिच्यासाठीच. जुनी बंडी म्हणजे चाकांवरचं घर होतं. देवसिंगच्या बापाने ती लादणीच्या दिवसांत बांधून घेतली होती, तेव्हा तिच्यात धान्य जायचं, मीठ जायचं. पुढे तिच्यात घर मावू लागलं. देवसिंगची म्हातारी आई, धनसिंग, फुलचंद आणि बिजली ही पोरं, अंथरुणं, हंडे, कोंबड्यांची पाटी. मुक्कामाला धुरा खाली टेकवला की बंडीवर बाया-पोरं झोपत आणि बंडीखाली देवसिंग. आता म्हातारी गेली. धनसिंग यवतमाळला कापसाच्या जिनात लागला. फुलचंद वेगळा निघाला आणि वाटणीत तरणे बैल त्याच्याकडे गेले. राहिले दोन म्हातारे बैल आणि त्यांच्याच वयाची दोन माणसं. रिकामी बंडी ओढतानासुद्धा बैलांच्या तोंडाला फेस यायचा. मोतीबाईला तर चाकाच्या तुंब्यावर पाय देऊन वर चढता येईना. मागच्या दिवाळीला देवसिंगने तिला पोत्यासारखी उचलून वर ठेवली, तेव्हा ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

त्याच सुमारास यवतमाळच्या एका वकिलाने मोटार घेतली आणि वकिलीणबाईंच्या माहेरच्या फेऱ्यांसाठी केलेली त्यांची रेंगी घाटंजीला बळीराम सुताराच्या दारात येऊन पडली. ठेंगणी, हलकी, वर बांबूची कमान. देवसिंगने बंडी बळीरामाला देऊन टाकली आणि रेंगी आणली. बळीराम म्हणाला होता, "देवसिंगभाऊ, पोरगंही ओढून नेईन इतकी हलकी आहे. फक्त कोन कुठं बसते त्याचं ध्यान ठेवजा."

नेमकं तेच ध्यान देवसिंगला राहिलं नव्हतं. मोतीबाई मागे बसते ही गोष्ट त्याच्या इतकी अंगवळणी पडली होती की रेंगी घेताना ती त्याला आठवलीच नाही.

तांड्यातल्या बाया समजत, पोरं खाली पडू नयेत म्हणून ती मागे बसते. पोरंही तसंच समजत. ते काही खोटं नव्हतं, पण खरं कारण आर्णीच्या पुढे, रस्त्याच्या कडेला होतं. बिजली तेव्हा जन्मायची होती. कापसाच्या चार बंड्या पुसदकडे निघाल्या होत्या आणि पाचवी ही जुनी बंडी, बायापोरांची. त्या वाटेवर गोवर येऊन त्यांची थोरली पोर रुक्मा गेली. तीन वर्षांची होती. लहान लेकराला जाळत नाहीत, म्हणून एका मोहाच्या झाडाखाली तिला पुरलं. वर अवकाळी आभाळ भरून आलं होतं, कापूस लोकांचा होता, पुढच्या बंड्या थांबायला तयार नव्हत्या. नीट रडायलासुद्धा वेळ मिळाला नाही. मोतीबाई बंडीच्या मागच्या कडेला पाय सोडून बसली आणि झाड दिसत होतं तोवर बघत राहिली. पुढे रस्ता टेकडीमागे वळला आणि झाड गेलं. तेव्हा तिने डोक्यावरची ओढणी तोंडावर ओढून घेतली, ती मुक्काम येईपर्यंत काढली नाही.

तेव्हापासून ती जागा तिची झाली. तिचं माहेर त्याच रस्त्याला, पुढे बिजलीही त्याच रस्त्याला दिली, त्यामुळे वर्षातून एकदा तरी ते झाड यायचंच. येत असलेलं तिला कधी दिसलं नाही, जात असलेलं मात्र ती दर वेळी वळणापर्यंत पाहायची आणि वळणावर ओढणी ओढून घ्यायची. वळणाआधी बैल मंदावत. "बैल दमले वाटते," ती म्हणायची. "फुडे चढ आहे," देवसिंग म्हणायचा. बस्स, एवढंच. रुक्माचं नाव दोघांनी घरात कधी काढलं नाही.

संध्याकाळी फुलचंद आईला समजवायला आला. "याडी, यष्टीनं जाय ना. आर्नीवरून गाडी भेटते. बसली का उतरली."

"मी म्हनीन तिथं थांबते का थे?"

"तुले कुठं थांबायचं आहे मधात?"

मोतीबाई चुलीकडे वळली. फुलचंदला काही कळलं नाही. ओट्यावर चिलीम ओढत बसलेल्या देवसिंगला मात्र कळलं, आणि हे आधीच कळायला नको होतं का आपल्याला, असं वाटून त्याला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टोपली घेऊन नाल्यात उतरला. गुळगुळीत, नीट बसतील असे दगड निवडून त्याने रेंगीच्या पुढच्या भागात, आपल्या बसायच्या जागेखाली रचले. रचताना मधून मधून मागच्या कडेवर स्वतः बसून पाहायचा. रेंगी उलाळली की उठून आणखी एक दगड. तांडा पुन्हा जमला, हे सांगायला नको.

तांड्याचे नाईक डोंगरसिंग मिशीत हसत म्हणाले, "देवसिंग, आपल्या बापजाद्यायनं मीठ वाह्यलं, धान वाह्यलं. गोटे वाहनारा तूच पह्यला."

"गिऱ्हाईक घरचं आहे, नाईक. नाई कसं म्हनू?"

"अबे पन बैलायले हलकं व्हावं म्हनून तं तू रेंगी घेतली ना?"

देवसिंग बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग दाराशी जाऊन म्हणाला, "चाल वं. बस तुह्या जागेवर."

मोतीबाई बाहेर आली. तिने दगड पाहिले, नवऱ्याकडे पाहिलं आणि मागच्या कडेला जाऊन बसली. जू जागच्या जागी राहिलं.

पहिला मुक्काम एका विहिरीजवळ पडला. मोतीबाईने सवयीने घरभराचं पीठ मळलं आणि भाकरी बडवत सुटली. समोरची चळत पाहून तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिचं तिलाच हसू आलं. उरलेल्या भाकरी बैलांनी खाल्ल्या. दगड ओढण्याबद्दल त्यांचं एवढं देणं लागतच होतं.

दुसऱ्या दिवशी आर्णी मागे पडली. नवं राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं आणि जिकडे तिकडे रस्त्यांची कामं निघाली होती. हा रस्ताही रुंद करायला घेतला होता. दोन्ही कडांना मुरमाचे ढीग, मधे खडी. देवसिंग रेंगी सांभाळून हाकत होता. ओळखीचा ओढा गेला, ओळखीची पांद गेली. आता मोह दिसायला हवा होता. फागुनात तो लांबून वासानेच कळायचा.

समोर नुसतं आभाळ होतं.

देवसिंगने डोळे बारीक करून पाहिलं. जागा चुकली म्हणावी तर टेकडी तीच होती, वळण तेच होतं. रस्त्याच्या कडेला एक तांबडा, ओलसर बुंधा तेवढा दिसत होता. मागे मोतीबाई निवांत पाय हलवत बसली होती. आणखी थोडं पुढे गेलं की तो बुंधा तिच्या समोर येणार होता, एकटीच्या. ती पुढे बसली असती तर निदान दोघांनी बरोबर पाहिलं असतं, असं त्याला वाटलं. त्याने बैल थांबवले.

"काय झालं?" मागून आवाज आला. "आता तं यीन ना थे."

या रस्त्यावर इतक्या वर्षांत तिने त्या झाडाबद्दल काढलेला हा पहिला शब्द होता. देवसिंग खाली उतरून मागे गेला. तिच्याकडे पाहणं त्याला जमेना, म्हणून तो चाकाकडे पाहत बोलला.

"मोतीबाई, झाड तोडलं त्यायनं. रस्त्यासाठी."

त्याने तिला नावाने हाक मारली होती. तीही बहुधा पहिल्यांदाच. मोतीबाई उतरली. त्याने धरायला केलेला हात तिने घेतला नाही. लंगडत ती बुंध्यापाशी गेली, त्याच्याभोवती फिरली आणि उगवतीकडच्या मुळाजवळ जाऊन थांबली. मुरमाचा ढीग तिथपर्यंत येऊन ठेपला होता.

"इथं," ती म्हणाली.

"हो. इथंच."

"बुंधा बी काढतीन का?"

"काढतीन वाटते."

"मंग कसं समजन कोनाले, माही रुक्मा इथं आहे?"

आणि ती खाली बसून रडली. बंजाऱ्याच्या बाया रडतात त्या गाऊन रडतात, दुःखाला सूर लावतात. त्या दिवशी कापसाच्या घाईत गिळून टाकलेलं ते रडणं आज मोतीबाई शेवटपर्यंत गायली. पोरीचं नाव घेत, तिच्या पायातले वाळे, तिचे कुरळे केस, तिचं तोतरं बोलणं, एकेक आठवून. देवसिंग बैलांच्या गळ्यात हात टाकून उभा होता. इतकं सगळं हिला आठवत असेल, हे त्याला माहीत नव्हतं. त्यालाही तेवढंच आठवत होतं.

बऱ्याच वेळाने ती उठली. रेंगीच्या पुढच्या भागाशी गेली आणि वाकून तिने एक दगड उचलला.

"अवं," देवसिंग म्हणाला, "थे गोटे काढले तं तुले मांगं बसता नाई येनार."

"मालूम आहे."

तिने दगड नेऊन मुळापासून जरा आत, बांधाच्या बाजूला, मुरूम पोचणार नाही अशा बेताने ठेवला. मग परत आली. दुसऱ्या दगडाला देवसिंगने हात लावला. नाल्यातले ते गुळगुळीत दगड दोघांनी मिळून तिथे नीट रचले. मोतीबाईने धुंडीसाठी घेतलेल्या गुळातला खडा त्यांच्यावर ठेवला. भाच्याच्या धुंडीचा गूळ मावशीला आधी मिळाला.

मग ती येऊन रेंगीत पुढे, नवऱ्याच्या पाठीशी बसली. जागा नवी असल्यामुळे हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. शेवटी एक हात तिने कमानीच्या बांबूला धरला. ओझं उतरलेले बैल आपणहून झपाझप निघाले.

मोतीबाई मान वळवून मागे पाहत होती. दगड लहान, थोड्याच अंतरावर ते मुरमाच्या ढिगाआड दिसेनासे झाले. तिने मान पुढे केली. ओढणीकडे हात गेला, पण तिने ती ओढून घेतली नाही. समोर टेकडीचं वळण येत होतं, आणि वळणाआधी देवसिंगने नेहमीसारखा कासरा हळूच आवळला. बैलांची चाल मंदावली.

मोतीबाईने बैलांकडे पाहिलं. ते दमलेले नव्हते. मग तिने समोरच्या रस्त्याकडे पाहिलं, अगदी लांबपर्यंत.

"इथं तं चढ नाई," ती म्हणाली.

"नाई," देवसिंग म्हणाला.

त्याने कासरा सैल सोडला नाही. बैल सपाट रस्त्यावरून सावकाश चालत राहिले.