चाचणीचा फॉर्म

दवाखाना उघडण्याआधी नोंदणीच्या बाईंनी रोजच्यासारखा एक फॉर्म स्वतः भरायला घेतला. संगणक नीट चालतोय ना, हे पाहायची ही तिथली रीत. नावाच्या जागी ‘चाचणी’ लिहायचं, व्यसनाच्या प्रश्नांना मनाला येतील ती उत्तरं द्यायची आणि निकाल उमटला की पुसून टाकायचं.

मनाला येतील ती उत्तरं बाई कधीच देत नसत. दारू किती वेळा? आठवड्यातून दोनदा. सकाळी उठल्याउठल्या लागते? हो. घरच्यांपासून लपवता? हो.

लाल पट्टी उमटली. बाई ती पुसणार, तोच दार वाजलं.

शाळेच्या बसच्या चालकाचा गणवेश घालून दादा उभा होता. तुळतुळीत दाढी, तोंडाला लवंगेचा वास.

“काय चिमे, सख्ख्या भावालाही रांग लावशील? आज निर्व्यसनी असल्याचा दाखला दिला नाही, तर उद्यापासून माझी बस दुसऱ्याच्या हातात.”

“आधी हे प्रश्न सोडव.” तिने शेजारचा संगणक दाखवला.

“लहानपणी माझ्या पाटीत डोकवायचीस. आता बघू नकोस हं!”

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बोट टकटक वाजत गेलं, कुठेही न अडखळता.

“झालो बघ पास! हिरवी पट्टी. मार शिक्का.”

तिने शिक्का उचलला. बसमध्ये बेचाळीस मुलं असतात. हात काही खाली येईना.

“दादा, इकडे बस जरा.”

तिने आपल्या टेबलावरचा संगणक त्याच्याकडे वळवला. तो वाचत गेला. चेहऱ्यावरचं हसू ओसरलं.

“कोणाचा गं हा?”

ती शाईच्या डबीचं झाकण लावत राहिली.

“कधीपासून भरतेस?”

“दोन वर्षं. रोज सकाळी.”

“आणि मला एकदाही विचारलं नाहीस?”

“धीर झाला नाही रे.”

बाहेर बाकावर कोणीतरी खोकलं. दादाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग पुढे वाकून त्याने ‘आठवड्यातून दोनदा’ खोडलं आणि ‘रोज’वर बोट ठेवलं.

“एवढंच चुकलं तुझं,” तो हळूच म्हणाला.

मग त्याने वर जाऊन ‘चाचणी’ एकेक अक्षर पुसलं आणि एका बोटाने, कळफलकावर शोधत शोधत, तिथे आपलं नाव लिहायला घेतलं.