परीक्षेच्या गावातला सीटी स्कॅन

बर्च फोर्कच्या दवाखान्यात एकतीस वर्षे रुग्ण तपासणाऱ्या व्हर्लीन स्टिडम परीक्षेत नापास झाल्या, ही बातमी केंटकीच्या त्या खोऱ्यात पसरायला एक दिवसही लागला नाही. कारण ती त्यांनी स्वतःच रुग्णांच्या बाकांसमोर उभे राहून सांगितली. आपली नामुष्की लोकांना दुसऱ्याच्या तोंडून कळावी, हे त्यांना मंजूर नव्हते.

व्हर्लीन डॉक्टर नव्हत्या, डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचा परवाना असलेल्या फिजिशियन असिस्टंट होत्या. देखरेखीचे डॉक्टर साठ मैलांवरून महिन्यातून एकदा येत. एरवी साऱ्या खोऱ्याची नाडी व्हर्लीन यांच्याच बोटांखाली असे. मात्र दर दहा वर्षांनी परीक्षा देऊन प्रमाणपत्र नवे करावे लागे. वसंतातली संधी हुकली होती. ऑक्टोबरमधली शेवटची. तीही गेली, तर नववर्षाच्या दिवशी दवाखान्याला कुलूप लागणार होते.

शनिवारी नात डार्सी लेक्सिंग्टनहून आली. तीही त्याच वर्षी हेच शिकून बाहेर पडली होती आणि पहिली परीक्षा तिने पहिल्याच फटक्यात पार केली होती. या गोष्टीचा व्हर्लीन यांना अभिमान होता, आणि थोडा रागही.

"मॅमॉ, मी विचारते, तू उत्तर दे," आजीसमोर प्रश्नांची कार्डे मांडत डार्सी म्हणाली.

"तुझ्या नाकात अडकलेला वाटाणा मी काढलाय. विचार."

"साठीची बाई. क्षणात उठलेली, आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी. आधी काय करशील?"

"हेलिकॉप्टर बोलवीन. धुकं असलं तर माझ्या गाडीत घालून निघेन."

"पर्यायांमध्ये गाडी नाहीये."

"मग पर्याय लिहिणारा इकडे कधी फिरकलेला नाही."

रक्तदाब मोजून घ्यायला आलेला हिरम कॉडिल मांडीवर थाप मारून हसला. खाणीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ शाळेत व्हर्लीन यांच्याच वर्गात होता. "बरोबर बोलली! माझ्या बायकोला हिने असंच नेलं होतं. अजून ठणठणीत आहे. रोज ओरडते माझ्यावर."

डार्सीने कार्ड खाली ठेवले. "मॅमॉ, तुला येत नाही असं नाहीये. तू प्रत्येक प्रश्न बर्च फोर्कमध्ये बसून सोडवतेस. परीक्षेचं गाव वेगळं आहे. तिथे सीटी स्कॅन शेजारच्या खोलीत असतो, सर्जन दाराबाहेर उभा असतो, आणि धुकं कधीच पडत नाही."

व्हर्लीन यांना ते झोंबले. खरे होते म्हणूनच झोंबले. त्यांनी कार्डे गोळा करून बाजूला सारली. मग बाकांकडे वळून त्यांनी फर्मावले, "तर मग ते गाव इथेच वसवा. हिरम, तू सीटी स्कॅन."

"मी? मला पगार काय?"

"तोंड बंद ठेवलंस तर केक."

सोमवारपासून दवाखान्याचे रूप पालटले. टपाल कचेरीतली लोरेटा सर्जन झाली आणि तिने पहिल्याच दिवशी तोरा दाखवायला सुरुवात केली. पाद्रीबाबांच्या वाट्याला प्रयोगशाळा आली. रुग्ण आपली पाळी येईपर्यंत कार्डे वाचत, आणि व्हर्लीन यांनी 'दुसरीकडे पाठवा' हे शब्द न उच्चारता योग्य माणसाकडे बोट दाखवायचे, असा नियम ठरला. बोट आपल्याकडे वळले की लाल टोपीतला हिरम दोन्ही हात गोल धरून घरघर करी. ती घरघर मध्येच खोकल्यात बुडे, आणि सारे ओरडत, "यंत्र बिघडलं!"

ऑक्टोबरात लेक्सिंग्टनच्या परीक्षा केंद्रावर व्हर्लीन यांना खिसे उलटे करून दाखवावे लागले. त्यातून जीभ दाबायची लाकडी पट्टी निघाली. दाराशी बसलेल्या पोराकडे त्यांनी असे पाहिले, की त्यानेच माफी मागितली.

एकामागून एक प्रश्न येत गेले आणि त्या परीक्षेच्या गावात ऐटीत फिरत राहिल्या. लोरेटाला तीनदा कामाला लावले, पाद्रीबाबांना कितीदा तरी. शेवटच्या तासात एक प्रश्न आला आणि उत्तर म्हणून लाल टोपीतला हिरम डोळ्यांसमोर घरघर करू लागला. व्हर्लीन यांना हसू फुटले, पर्याय निवडला गेला, आणि पुढच्याच क्षणी ते हसू थांबले. प्रश्नातला माणूस हिरमच तर होता. तेच वय, तितक्याच वर्षांच्या सिगारेटी. दरवर्षी आपण त्याच्या छातीचा साधा एक्स-रे काढतो. कारण तो इथे निघतो. स्कॅन नव्वद मैलांवर आहे, म्हणून आपण तो मागायचेच विसरलो.

परीक्षेतला प्रश्न बाहेर सांगायचा नाही, असे त्यांनी सही करून कबूल केले होते, आणि दिलेला शब्द त्या पाळत. दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरमपुढे फक्त एक अर्ज ठेवला.

"फुप्फुसांचा स्कॅन. मंगळवारी जायचं."

"अगं, मीच स्कॅन आहे! स्वतःचाच काढून घेतो."

"हिरम."

त्या आवाजाने तो नरमला, पण पुरता नाही. "तू पास झालीस तर जातो. नाहीतर तुझ्या अर्जाला विचारतो कोण?"

पुढचे दोन आठवडे व्हर्लीन यांना निकालाची दुहेरी काळजी होती, आणि दुसरी, हिरमची, मोठी होती.

निकाल आला तेव्हा बाकांवर जागा नव्हती. व्हर्लीन यांनी संगणकाच्या पडद्यावरचे पत्र उभ्यानेच शेवटपर्यंत वाचले, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अगं, बोल की! माणसं मरतील इथे," लोरेटा किंचाळली.

"कोणी मरणार नाही. आणखी दहा वर्षं मी इथेच आहे."

पाद्रीबाबांनी टेबलावर ताल धरला. लोरेटाने चार अनोळखी रुग्णांना मिठ्या मारल्या. डार्सी फोनवरच रडू लागली, तेव्हा "डॉक्टरी करणाऱ्यांनी नाक आधी पुसावं" अशी तिला ताकीद मिळाली. त्या गडबडीत हिरम हळूच दाराकडे सरकत होता.

"सीटी स्कॅन! कुठे निघालात?"

सगळ्यांनी वळून पाहिले. हिरमने मुकाट्याने टोपी सारखी केली. "केक बरोबर घे," तो पुटपुटला. "नव्वद मैल जायचंय."

मंगळवारी व्हर्लीन यांनी स्वतः गाडी चालवली. खऱ्या यंत्रातून बाहेर आल्यावर हिरमने टोपी डोक्यावर ठेवली आणि जरा तोऱ्यातच सांगितले, "घरघर माझीच चांगली आहे."

आठवड्याने अहवाल आला. कोळशाची जुनी धूळ सोडली, तर छातीत काळजीचे काही नव्हते. व्हर्लीन यांनी तो फाईलमध्ये लावला, खोऱ्यातल्या साऱ्या जुन्या सिगारेटवाल्यांच्या फाईली बाहेर काढवल्या, आणि कोऱ्या अर्जांचा गठ्ठा पुढे ओढला.