पहिली गाठ

मी रागीट आहे असं आमच्या तांड्यात सगळेच म्हणतात. म्हणू देत! तुमच्या आईच्या छातीतली गाठ कुणी न तपासता मातीत पुरली, तर तुमी काय त्याला ओवाळाल?

आईला आमी याडी म्हणतो. माझी याडी, नानीबाई. २००३ साली नांदेडला तिचं ऑपरेशन झालं. मी हैदराबादला कॅन्सरवरच संशोधन करत होते. "नीता, येऊ नको, बरं हाय समदं," असं बानं फोनवर सांगितलं. गाठ परत येऊ नये म्हणून याडीला रोजची एक गोळी सुरू झाली. २००६ च्या उन्हाळ्यात तिच्या काखेत दुसरी गाठ आली, तशी मी बाळापूरला उतरून तडक तांड्यावर आले.

"बा, पहिल्या गाठीचा रिपोर्ट कुठाय?"

"कशाचा रिपोट?"

"गाठ तपासली असंल न!"

"काहून तपासायची? ती तर त्यांनी आपल्याला देऊन टाकली."

ऑपरेशन झाल्यावर कंपाउंडरनं गाठीची डबी बाच्या हातात ठेवली, 'घेऊन जा' म्हणाला आणि चालता झाला. कुठं न्यायची, कशाला न्यायची, काही नाही. लेकरू झालं की त्याची वार आमच्यात बापच मातीत पुरतो. बाला वाटलं, हेही तसंच असणार. त्यानं ती गाठ आणून शेताच्या बांधावर पुरली, वर नारळ फोडला.

"अंगाचा तुकडा व्हता तिच्या. कुत्र्यानं वढावा का?" बा माझ्यावरच गुरकावला.

माझं डोकंच फिरलं. मी बाला नको नको ते बोलले. त्या डॉक्टरलाही शिव्या घातल्या. रिपोर्ट न बघता तीन वर्षं तीच गोळी लिहून देणारा माणूस डॉक्टर कसला? मेल्याला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, की बाबा, गाठ कुठं गेली?

याडी ओसरीत कांचळीला, म्हणजे आमच्या चोळीला, भिंगं लावत बसली होती. तिनं सुई थांबवली. "त्या गाठीनं काय सांगितलं असतं?"

मी तिच्यापुढं बसले. "याडी, एकाच कापडातले कोणते तुकडे गाळले अन् कोणते जोडले, त्यावर कांचळी होते का पिशवी, व्हय न? अंगातबी तसंच चालतं. आरएनए म्हणून एक निरोप असतो. त्याचे तुकडे कापून जोडले जातात, मग त्यावरून प्रथिन बनतं. कॅन्सर लई हरामी. तो भलतेच तुकडे जोडतो. तुझी गोळी प्रथिनाच्या ज्या भागाला चिकटते, तोच भाग गाळून टाकतो. मग खा किती खायच्या त्या गोळ्या!"

"मंग ही दुसरी तपास."

"आता कापाकापी न्हाई," बा उठून उभा राहिला.

"छाती माझी व्हती," याडी म्हणाली. "पुरताना मला इचारलं का?"

बा परत खाली बसला.

आमी नांदेडला दुसऱ्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी काखेतली गाठ काढली. या वेळी डबी मी कुणाच्या हातात जाऊ दिली नाही. गाठ लॅबला दिली आणि डॉक्टरांच्या परवानगीनं तिचा एक कण हैदराबादला नेला. निकाल आला. निरोपातला नेमका तोच तुकडा गाळलेला होता. गोळीला चिकटायला जागाच नव्हती.

मी घरी येऊन सांगितलं, की गोळी बंद करायची, आता सलाईनमधून औषध घ्यायचं.

"गाठ पहिल्यापासून अशीच व्हती का मागून बिघडली?" याडीनं विचारलं.

पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या गाठींना हेच विचारत होते. पहिली गाठ आणि नंतरची गाठ शेजारी ठेवल्याबिगर ते कळत नाही.

"सांगता येत न्हाई, याडी."

"म्हंजे तीन वरसं ही गोळी मी फुकटच खाल्ली, का तिनंच मला आजवर जगवलं, हे बी कळायचं न्हाई?"

"न्हाई."

ती कधी कुणावर ओरडलेली मी पाहिली नव्हती. तिनं फळीवरची गोळ्यांची पाकिटं ओढली आणि बाच्या अंगावर भिरकावली.

"घ्या! हे बी पुरा, अन् फोडा नारळ!"