थोरल्यांचं मार्जिन

चिप झोपलेली असतानाही वीज खात होती. खायला कुणाची ना नव्हती, पण तिला दोनच घास नेमून दिले होते आणि ती पाच खात होती.

सोमवारच्या बैठकीत साहेबांनी फळ्यावर लिहिलं: पाच मायक्रोअँपियर. शेजारी, हवा तो आकडा: दोन. खाली तारीख. अकरा दिवसांनी नकाशे कारखान्यात जायचे होते, आणि एकदा गेले की ती काळ्या दगडावरची रेघ. ही चिप छातीत बसवायच्या यंत्रासाठी होती, हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या. बॅटरी दहा वर्षं पुरली पाहिजे, ही यंत्र बनवणाऱ्यांची अट. झोपेत पाच खाल्ले तर ती आठच वर्षं पुरणार, म्हणजे माणसाची छाती दोन वर्षं आधीच पुन्हा उघडायची. "जमत नसेल तर आम्ही आमची जुनीच चिप वापरतो," असं त्यांनी अगदी गोड शब्दांत कळवलं होतं. चाळीस माणसांची अडीच वर्षं त्या गोड वाक्याला टांगलेली होती.

"झोपेत तो भाग बंदच करून टाकू," टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं.

"ठोक्यांवर नजर तोच भाग ठेवतो," थोरल्या म्हणाल्या. "पहारेकऱ्याला घरी पाठवून चोर पकडायचा का?"

थोरल्या म्हणजे थोरल्या बाई. चिप आखण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. त्या थोरल्या झाल्या कारण ऑफिसात एक धाकटीही होती, त्यांची सून. धाकटी आधी कंपनीत आली आणि मग घरात. त्यामुळे तिला पसंत मुलाने केलं की आईने, यावर कॅन्टीनमध्ये अजून एकमत नाही. चिपमध्ये वीज कुठे कुठे झिरपते ते शोधणं हे तिचं काम. बैठकीत ती शेवटी एवढंच म्हणाली, "मला दोन दिवस द्या."

वीज झिरपते ती बंद दारांतून. चिपमध्ये कोट्यवधी बारीक दारं असतात, विजेला वाट देणारी आणि अडवणारी. ती दोन जातींची. हलकी दारं झटकन उघडतात, पण लावली तरी फट राहते. जड दारं घट्ट बसतात, पण उघडायला वेळ घेतात. शहाणा माणूस सगळीकडे जड दारं बसवतो आणि जिथे खरोखर घाई आहे तिथेच हलकं. या चिपमध्ये शंभरातली एक्केचाळीस दारं हलकी निघाली. इतकी घाई होती कुणाला?

बुधवारी दुपारी धाकटी थोरल्यांच्या टेबलाशी आली. हातात एकच कागद होता.

"आई, बसू का?" ऑफिसात ती मॅडम म्हणायची. आज आई म्हणाली, तेव्हाच थोरल्यांनी चष्मा काढून ठेवला.

"बस. काय फुटलं?"

"काहीच नाही. कुणाचीच चूक नाही, म्हणून तर सापडत नव्हती." तिने कागद पुढे सरकवला. "आराखडा करणाऱ्यांनी ठरवलं, चिप गरजेपेक्षा दहा टक्के जलद हवी. पुढच्या टीमला ते माहीत नव्हतं, त्यांनी आपले आठ घातले. मग आकडा आपल्याकडे आला, आपण आणखी बारा घातले. तीस टक्के झाले. जिथे उशीर नव्हताच तिथे दारं निवडणाऱ्या मशीनला उशीर दिसला, आणि त्याने बिचाऱ्याने हलकी दारं बसवली."

"एकाच भाजीत तिघांनी मीठ घातलं म्हण की."

"आणि प्रत्येकाला वाटलं, आपणच काळजी घेतली."

"मग काढा म्हणावं त्यांना."

"विचारलं." धाकटीने खाली बघितलं. "ते म्हणतात, थोरल्या आपले बारा काढतील त्या दिवशी आम्हीही काढू."

खबरदारीचं ते बारा टक्के मार्जिन हा थोरल्यांचा नेम होता. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी आखलेली एक चिप थंडीत बंद पडली होती. माल डोंगराळ भागात गेला आणि सगळाच्या सगळा परत आला. खोकी उतरवून घेताना त्या स्वतः उभ्या होत्या. तेव्हापासून त्यांच्या हाताखालून जाणारी विजेची प्रत्येक वाट बारा टक्के जादा जलद असायची. फाइलमध्ये त्या ओळीवर त्यांचं नाव होतं आणि त्या ओळीला कुणी बोट लावत नसे. तेव्हापासून एकही चिप परत आली नव्हती, हाही त्यांचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

"शेवटी सासूवरच आलीस तर," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्यात जरा धार होती.

"मी आकड्यावर आले. सासू तिथे आधीच बसलेली होती."

थोरल्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. "कागद ठेव इथे. उद्या सांगते."

नेम पाळावा, पण तो कशासाठी धरला हेही माणसाने अधूनमधून स्वतःला विचारावं. थोरल्यांनी अठरा वर्षांत ते विचारलं नव्हतं. गुरुवारी सकाळी त्यांनी कपाटातून जुनी वही काढली. थंडीत ती चिप किती मंदावली होती? अकरा टक्के. तिथेच, त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: कारखाना थंडीचे आकडे देत नाही, म्हणून आपण एक वाढवून बारा ठेवू. मग त्यांनी कारखान्याची नवी फाइल उघडली. थंडीचे आकडे होते. आता कारखाना ते देत होता, सात वर्षांपासून, आणि मशीन ते मुकाट्याने धरत होतं. थंडी दोनदा मोजली जात होती. एकदा कारखान्याकडून, एकदा थोरल्यांच्या धास्तीतून.

त्यांनी पेन्सिलीने तपासलं. पुन्हा तपासलं. जेवणाची सुटी तशीच गेली.

दुपारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि मोठ्या पडद्यावर फाइल उघडली. आपल्या नावापुढचा बारा स्वतःच्या हाताने खोडला. तिथे तीन लिहिला आणि खाली एक ओळ: चिपमधल्या घड्याळाचे ठोके किंचित पुढेमागे होतात, त्यापुरते तीन.

"बाराचं कारण सात वर्षांपूर्वी संपलं होतं. मी बघितलं नाही, ही माझी चूक," त्या म्हणाल्या. "हे तीन कशाचे ते लिहिलंय. ज्याला आपले दहा किंवा आठ ठेवायचे असतील त्याने ठेवावेत, फक्त कशाचे ते खाली लिहावं."

आराखडेवाल्याने कान खाजवला. "लिहायचं म्हटल्यावर आमचे दोनच भरतील," तो म्हणाला. दुसऱ्या टीमचे शून्य भरले. सगळे मिळून पाच राहिले.

मशीनने सबंध रात्र घेतली. शुक्रवारी सकाळी धाकटी आली तेव्हा पडद्यावर एक पूर्णांक सात होतं. मात्र आता दोनशे चौदा वाटा खरोखरच उशिरा पोचत होत्या. पुन्हा हलकी दारं बसवणं सोपं होतं, पण मग सगळं मुसळ केरात. मग सासू-सुनांनी शेजारी शेजारी खुर्च्या टाकल्या. लांबची दारं जवळ आणली, वळसे काढले, एकेक वाट हाताने सरळ केली.

"इथून काढू?" धाकटी विचारायची.

"काढशील, पण तिथे वाट बघत बसशील. डावीकडून घे."

"हे मशीनला का सुचत नाही?"

"त्याला सासू नाही."

एकशे शहाण्णव वाटा नुसत्या सरळ करून वेळेवर आल्या. उरलेल्या अठरांना हलकी दारं द्यावीच लागली. त्यांच्याखालीही कारण लिहिलं.

पावणेचार महिन्यांनी कारखान्यातून चिप हातात आली, करंगळीच्या नखाएवढी. मोजणाऱ्या खोलीत थोरल्यांनी ती आधी थंडीच्या कपाटात ठेवायला लावली. "सवय आहे," त्या एवढंच म्हणाल्या. शून्याखाली वीस अंशांवर ती चार तास चालली, एकही ठोका न चुकवता. मग अंगाच्या उबेवर आणून झोपेतला प्रवाह मोजला. एक पूर्णांक आठ.

यंत्र बनवणारे बघायला आले तेव्हा साहेबांनी सवयीने थोरल्यांकडे बघितलं. दर वेळी त्याच सांगायच्या. त्यांनी धाकटीकडे बोट केलं आणि स्वतः मागच्या रांगेत जाऊन बसल्या.

धाकटीने तीस टक्क्यांची गोष्ट सांगितली. कुणाचंही नाव न घेता, आणि बारा कुणी खोडला तेही न सांगता. मागून थोरल्यांनी हात वर केला.

"ते बारा माझे होते," त्या म्हणाल्या. "ते चुकीचे आहेत हे हिने शोधलं. तेही नोंदवून घ्या."

पाहुण्यांतले डॉक्टर मागे वळले. "आणि आपण?"

"मी हिची सासू."

डॉक्टरांना ही थट्टा आहे की परिचय ते कळेना. त्यांनी धाकटीला विचारलं, "मग उरलेले पाच तरी बरोबर आहेत का?"

"प्रत्येकाखाली कारण लिहिलंय, सर," धाकटी म्हणाली. "तुम्ही एकेक विचारा, मी सांगते."

त्यांनी एकेक विचारलं आणि तिने सांगितलं. थोरल्या हाताची घडी घालून ऐकत होत्या. त्यांच्या तीनवर डॉक्टर सगळ्यात जास्त वेळ अडले, उलटसुलट प्रश्न विचारले, आणि धाकटी एकदाही मागे वळून न बघता उत्तरं देत राहिली.