पाठीला पाठ

"आधी खालची खोली, मग वरची ओळ,
एकेकाला एकेक जागा, नको उगा घोळ.
जागा सगळ्या भरल्या की मगच करा जोड्या,
पाठीला पाठ लावून, सोडा सगळ्या खोड्या."

बाबांचा आवाज असा जिन्यावरून खाली यायचा. वरच्या खोलीत त्यांची रसायनाची शिकवणी, खाली आईचं शिलाई मशीन. अणूत इलेक्ट्रॉन कसे भरत जातात, ते बाबांनी पोरांसाठी गाण्यात बसवलं होतं, आणि खाली आईचा पाय त्या ठेक्यावर नकळत चालायचा.

बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. वरची खोली तेव्हापासून रिकामी. "मला कुणाची सोबत-बिबत नको," असं आई भेटायला येईल त्याला सांगायची आणि संध्याकाळ झाली की पलंगावर दोन उशा मांडायची. लेक पहिल्या रात्री शेजारी येऊन झोपली, ती तिथलीच झाली. आईचं तोंड भिंतीकडे, हिचं खिडकीकडे. कूस बदलावी तर पलंग कुरकुरणार, आई "काय गं?" म्हणणार, ही "काही नाही" म्हणणार. वरच्या खोलीत एकटीनं हातपाय पसरून पडावं, दिवा लावून हवं तेवढं वाचावं, एवढंच तिला हवं होतं. पण ते शब्द ओठांपर्यंत यायचे आणि चहाच्या घोटाबरोबर परत खाली जायचे. डोळे चुरचुरत ती कॉलेजात शिकवायला जायची.

आज ती घरी आली ती बसेचना. कात्री उचलली, ठेवली. खिडकी उघडली, लावली.

"अगं, पायाला भिंगरी लागलीय का?" आईनं मशीन थांबवलं. "टेक की जरा, मास्तरीणबाई."

"आज वर्गात माती खाल्ली मी."

"कशात?"

"क्रोमियममध्ये."

"ते नळांना चकाकी आणतात, ते?"

"तेच. बाबांनी घोटून घोटून शिकवलेलं, आणि मीच चुकले."

"काय चुकलीस? मला दाखव."

आईसमोर काळं कापड पसरलेलं होतं. लेकीनं मार्किंगच्या खडूनं त्यावर एक चौकोन काढला आणि वरच्या बाजूला पाच चौकोनांची ओळ. टाचण्यांची डबी ओढून घेतली.

"आतल्या खोल्या भरल्या, त्या सोड. उरल्या सहा टाचण्या. ही धाकटी खोली आधी भरते. दोघी. एकीचं डोकं वर, दुसरीचं खाली."

"पाठीला पाठ."

"हो. मग ही ओळ. चौघी चार खोल्यांत, एकेक. मी फळ्यावर एवढंच काढलं आणि पुढे निघाले. तर मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणते, बाई, पाचवी खोली भाड्यानं द्यायचीय का? सगळा वर्ग खिदळला."

आईही हसली. "मग त्या खोलीचं काय होतं?"

"क्रोमियम तिथे नियम मोडतो. धाकट्या खोलीतली एक उठते आणि तिकडे जाते." लेकीनं टाचणी उचलून ओळीच्या टोकाला ठेवली. "आता सहा जणी, सहा खोल्या. सगळ्यांची डोकी एकाच दिशेला. आणि गंमत म्हणजे, तो अणू असाच जास्त शांत असतो."

आई ओळीकडे बघतच नव्हती. तिची नजर खालच्या चौकोनातल्या टाचणीवर होती.

"आणि ही मागे राहिलेली?"

"तिचं काय?"

"तिला कसं वाटतं?"

"आई, इलेक्ट्रॉनला काही वाटत नसतं."

"तुझे बाबाही हेच म्हणायचे. मला कधी पटलं नाही."

लेक उठली, पुन्हा बसली. खडू तिच्या बोटांत मोडला.

"आई, मला वर झोपायचंय. बाबांच्या खोलीत."

आईनं कापडावरचा खडूचा चुरा फुंकून टाकला. बराच वेळ फुंकत राहिली.

"रागावलीस?"

"रागावू कशाला? मासोळीसारखी तडफडतेस रात्रभर, मला कळत नाही होय?"

"मग कधी म्हणाली का नाहीस, जा म्हणून?"

आईनं खालच्या चौकोनातली टाचणी उचलली. तिचं डोकं अजून उलट्या दिशेलाच होतं. तिनं ते फिरवलं, वरच्या ओळीसारखं केलं आणि टाचणी हलकेच परत ठेवली.

"कारण मला भीती वाटते," ती म्हणाली. "सोबत नको, सोबत नको असं सांगत सुटले, ते सगळं खोटं. तुझे बाबा गेल्यापासून एकटीनं अंथरुणाला पाठ टेकायचीच मला भीती वाटते. तरी तू जा. वर उशी खिडकीकडे ठेव. मीपण खाली त्याच दिशेला ठेवीन."